गार झालंय का?

"आत्या, सगळे मेले गं."

सोमवारी सकाळी पुतणीचा फोन आला तेव्हा मी पोह्यांची फोडणी करत होते. हातातला झारा हातातच राहिला. कोण मेले हे विचारायलाही घशातून शब्द फुटेना. मग तिनेच पुढे सांगितलं आणि कळलं, की तिचे जिवाणू मेले. ती इथेच इंदुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. गेले चार महिने गव्हाच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून ती जिवाणू वेगळे काढत होती. प्रत्येक प्रकाराची वेगळी बशी, बशीच्या पाठीवर तारीख आणि नंबर. शनिवारी संध्याकाळी सगळ्या बशा इन्क्युबेटरमध्ये ठेवून ती घरी गेली. ते ३० अंशांवर थांबायला हवं होतं, पण आत काहीतरी बिघडलं आणि रविवारभर ते तापतच राहिलं. सोमवारी दार उघडलं तर झळ तोंडावर आली, आणि बशांमधलं आगर, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढवतात तो जेलीसारखा थर, पापडासारखं वाळून कडेने सुटलं होतं.

अशा वेळी जे बोलायचं ते मी बोलले. मातीतून परत काढता येतील, माती कुठे पळून गेलेली नाही. ती म्हणाली, "पण तेच मिळतील कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला तोवर पोहे खाली लागले होते, ते तसेच खाल्ले. तो एक शब्द मात्र दिवसभर कानातून जाईना. मेले. किती सरळ म्हणाली ती. खराब झाले, वाया गेले, असं नाही म्हणाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवांना तिला मेले म्हणता आलं, कारण चार महिने तिने त्यांना जगवलं होतं. ३६ वर्षांपूर्वी माझ्या हातूनही असेच मेले होते, आणि तेव्हा तो शब्द माझ्या तोंडून आला नव्हता. आजवर तो मी कुणापाशीच काढलेला नाही.

१९८९ चा जून. आमची थोडी जमीन देपालपूरच्या रस्त्याला होती, काळीभोर, मे महिन्यात भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जाईल अशी. बाबा आणि धाकटे काका नोकरीसाठी शहरात आले. रान सांभाळलं ते सगळ्यांत थोरल्या काकांनी, आमच्या आप्पांनी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला त्यांच्याकडे गेले होते. त्या काळात माळव्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन होऊ लागलं होतं. आधी आमच्याकडची कितीतरी रानं पावसाळाभर मोकळी ठेवत, गव्हा-हरभऱ्यासाठी ओल धरून. त्याच रानांत आता श्रावणात हिरवं पीक डोलायला लागलं. आप्पांच्या रानात सोयाबीन पाच-सहा वर्षं होत होतं आणि बियाण्याला कल्चर, म्हणजे उपयोगी जिवाणूंची भुकटी, लावायचं हे ते शिकले होते. त्या वर्षी कल्चरची पाकिटं इंदुराहून मी घेऊन गेले. दोन प्रकारची होती. एक रायझोबियमचं, सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधून देणारं, आणि दुसरं मातीत अडकून बसलेलं स्फुरद विरघळवणारं. ऊन लागू द्यायचं नाही, असं पाकिटावर छापलेलं होतं. म्हणून मी ती ओल्या फडक्यात गुंडाळली होती, आणि बसमध्ये उन्हाची बाजू सोडून दुसरीकडे जागा मिळेपर्यंत उभी राहिले होते. हे मला अजून आठवतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. इतकी काळजी मी घेतली होती.

कल्चर लावण्यात अवघड काही नाही. गूळ पाण्यात उकळायचा आणि ते पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. मग पाकिटातली काळी, ओलसर, पावसाळ्यातल्या बंद खोलीसारख्या वासाची भुकटी त्यात कालवायची. ते ताडपत्रीवर ओतलेल्या बियाण्यावर शिंपडायचं आणि हलक्या हाताने चोळायचं. हलक्याच हाताने, कारण सोयाबीनचं साल इतकं पातळ असतं की दाबून चोळलं तर सुटून येतं आणि मग तो दाणा उगवत नाही. नंतर सावलीत पसरायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. गुळाने भुकटी दाण्याला चिकटते आणि जिवाणूंना वाटेत खायला काहीतरी होतं. त्या दिवशी गुळाचं पाणी करायचं काम माझ्याकडे होतं. काकूने पहाटेच चूल पेटवून दिली होती. मी मात्र ओसरीवर लोळत पडले, ऊन वर आलं तेव्हा गडबडीने पातेलं चढवलं. तोवर वाफसा आलेला, तिफण जुंपलेली, आणि पश्चिमेला ढगांची निळी भिंत उभी राहिलेली.

बांधावरून आप्पांनी हाक दिली, "गार झालंय का गं ते पाणी?"

मी पाण्यात बोट घातलं. चटका बसला, बोट मागे घेतलं. आणि म्हणाले, "हो आप्पा, झालंय."

का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आप्पा रागावले असते असं मुळीच नाही. ते रागावणारे नव्हते. "होऊ दे गार, तोवर चहा टाक," एवढंच म्हणाले असते आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले असते. पण मी शिकलेली मुलगी होते. जिवाणूंची लॅटिन नावं मला पाठ होती, आणि उशीर माझ्यामुळे झाला हे मला कबूल करायचं नव्हतं. मी भुकटी त्या वाफाळत्या पाण्यात ओतली आणि काठीने ढवळली. काहीही झालं नाही. म्हणजे दिसण्यासारखं काही झालं नाही. रंग तोच होता, वास तर गुळामुळे आणखी चांगला येत होता. दूध नासलं की फुटतं, रोग लागलेली फांदी वाळते, जनावर मरताना धडपडतं. इथे कोट्यवधी जीव एका पातेल्यात संपले आणि वरून बघणाऱ्याला ते नीट कालवलेलं कल्चर दिसत होतं. आप्पा आले, त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि आम्ही दोघांनी ते बियाण्याला चोळलं. शेवटच्या गोणीला ते पुरलं नाही. ती विहिरीकडच्या तुकड्यात तशीच पेरली.

पुतणीने पंधरा दिवसांनी परत फोन केला. "ये, दाखवते." माती तिने फ्रीजमध्ये राखून ठेवली होती आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून धरलं होतं. मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. दारातच तो वास, कुकरमध्ये डाळ आणि औषध एकत्र शिजवल्यासारखा. माझ्या कॉलेजच्या दिवसांतलाच. तिने एका स्टँडमध्ये बारा काचनळ्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत एकेका जिवाणूने चार दिवस राहून सोडलेलं पाणी होतं. त्यांच्या खाण्यात तिने ट्रिप्टोफॅन घातलं होतं. हे अमिनो आम्ल झाडांची मुळंही अगदी थोडं बाहेर सोडतात. मग तिने फेरिक क्लोराइड आणि तीव्र आम्लाचं मिश्रण प्रत्येक नळीत घातलं आणि सगळा स्टँड अंधाऱ्या कपाटात ठेवला. "अर्धा तास," ती म्हणाली. आम्ही दोघी स्टुलांवर बसलो. ती मोबाइलवर वेळ बघत होती, मी तिचे हात बघत होते. हातमोजे घालून घालून बोटांची टोकं पांढरी पडली होती.

कपाट उघडलं तेव्हा बारातल्या सात नळ्या गुलाबी झाल्या होत्या. काही अगदी फिक्या, रंगपंचमीनंतर चार वेळा धुतलेल्या कुडत्यासारख्या. एक तर चक्क गुलालासारखी. राजवाड्यावरच्या गेरीत, रंगपंचमीच्या मिरवणुकीत, डोक्यावर पडतो तसा रंग. पुतणीने ती नळी उजेडात धरली आणि ओळख करून द्यावी तशी म्हणाली, "ही बघ."

तो गुलाबी रंग इंडोल ॲसिटिक आम्लाचा होता, म्हणजे ऑक्झिनचा, म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाचा. मी हे शिकले होते, आणि तरीही मला हे माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात संप्रेरकं एका धड्यात होती आणि जिवाणू दुसऱ्या. फ्रिट्झ वेंट या डच संशोधकाने १९२६ साली ओटच्या कोंबांची टोकं कापून आगरच्या वडीवर ठेवली, आणि नंतर ती नुसती वडी बिनटोकाच्या कोंबावर ठेवली तरी कोंब वाढला, वाकला. हा प्रयोग मी परीक्षेत आकृतीसह लिहिला होता. १९३४ मध्ये हे द्रव्य माणसाच्या मूत्रातून वेगळं काढलं गेलं, हेही लिहिलं होतं. वाढीचा निरोप झाडाच्या शेंड्यातून निघतो आणि खाली उतरतो, असं ते सगळं प्रकरण. तोच निरोप, अक्षर न अक्षर तोच, मातीत बसलेला एक जिवाणू लिहितो आणि मुळाच्या हातात देतो, याची नुसती माहिती असणं वेगळं आणि तो गुलाबी रंग डोळ्यांसमोर बघणं वेगळं. मी पुतणीला विचारलं, "पण यात त्याला काय मिळतं?" ती म्हणाली, "मूळ वाढतं ना. बारीक मुळं फुटतात, केसासारखे तंतू वाढतात. जितकं मूळ जास्त तितका त्याचा झिरपा जास्त. साखर, आम्लं, सगळं. त्यावरच तर हे जगतात." झाड पानांत कमावलेल्या साखरेतला बराच वाटा मुळांवाटे मातीत सोडून देतं. मुळालगतच्या त्या दोन-चार मिलिमीटरच्या मातीला लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली वेगळं नाव दिलं, रायझोस्फिअर. आप्पांनी उपटलेल्या रोपाला झटकूनही जी माती सुटत नाही, ती हीच.

त्या वर्षी आप्पांनी एक रोप उपटलं होतं. पेरून दीड-दोन महिने झाले असतील. मी परत इंदुरात आले होते, पण राखीसाठी पुन्हा गेले तेव्हा ते मला हाताला धरून रानात घेऊन गेले. रोप उपटलं, माती झटकली, मुळावरची मुगाएवढी गाठ काढली आणि अंगठ्याच्या नखाने चिरली. आत गुलाबी. त्या गाठीत नत्र बांधायचं काम चालू असलं की ती आतून अशीच लालसर-गुलाबी असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची चुलत बहीण शोभेल अशा एका द्रव्यामुळे. "लागलं बघ तुझं कल्चर," आप्पा म्हणाले. त्यांच्या नखात ती गुलाबी रेघ राहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही. कदाचित पाणी तितकं गरम नव्हतं, कदाचित काही वाचले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. हे खोटं आहे हे मला कळत होतं. पाच-सहा वर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात ते जिवाणू आधीपासूनच वस्ती करून असतात, मागच्या पिकांच्या गाठी कुजल्या की मातीत उतरतात आणि पुढच्या वर्षी परत मुळं शोधतात. त्या गाठी जुन्या रहिवाशांच्या होत्या. मी नेलेले तर पातेल्यातच संपले होते.

मग विहिरीकडचा तुकडा. तिथे काहीच लावलं नव्हतं, आणि तिथलं पीकही उरलेल्या रानासारखंच आलं. तेवढीच उंची, तेवढ्याच शेंगा. आप्पांची नजर असल्या गोष्टींत फार बारीक होती. काढणीच्या वेळी ते दोन्ही ठिकाणच्या मुठी-मुठी शेंगा तळहातावर घेऊन बराच वेळ उभे होते. बोलले काहीच नाहीत. पुढच्या वर्षी मी विचारलं, पाकिटं आणू का, तर म्हणाले, "राहू दे. दोन्हीकडे सारखंच येतं. आपल्या मातीला गरज नसेल." नंतर कधीच त्यांनी कल्चर लावलं नाही. गव्हालाही नाही. शेजारचे दोघे-तिघे आप्पांना विचारून शेती करायचे, त्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. स्वतः पाहिलं होतं ना त्यांनी. आप्पा ऐकीव गोष्टीवर कधी चालले नाहीत, आणि या एका गोष्टीत डोळ्यांनी पाहिलेलंच खोटं निघालं. ते मी केलं होतं.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. पाणी गार असतं तरी कदाचित फरक दिसलाच नसता. रायझोबियम मातीत होतंच, आणि काळ्या मातीत, चांगल्या पावसाच्या वर्षी, पाहुण्यांची मदत किती लागणार? आप्पांचा निष्कर्ष बरोबरही असेल. पण तो बरोबर निघाला तरी त्यामागचा पुरावा खोटा होता, आणि मला हे असं सोडून देता येत नाही.

पुतणीकडून घरी येताना मी मुद्दाम कृषी महाविद्यालयावरून आले. ते आवार गाडीतून दिसलं की मला नेहमी बरं वाटतं. भोवती सगळं शहर चढत गेलं आणि मधोमध शेत राहिलं. १९२४ ते १९३१ या काळात इथे अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ काम करत होते. शेण, वाळलेला पाला, काडीकचरा, राख आणि जनावरांच्या पायाखालची मूत्र मुरलेली माती, यांचे थर देऊन, ओल राखून, तीन महिन्यांत तीनदा पालटून खत करायची पद्धत त्यांनी इथे बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तिच्यावरचं पुस्तक १९३१ साली आलं आणि त्यावर हॉवर्ड यांच्या नावाखाली दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत हे नाव जितकं निघायला हवं तितकं निघत नाही, याची मला खंत आहे. १९३५ साली गांधीजी इंदुरात आले तेव्हा ते हे खताचे खड्डे बघायला गेले होते. या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. नव्या खड्ड्यात जुन्या, कामाला लागलेल्या ढिगातलं थोडं घालायचं, दह्याला विरजण लावतो तसं. आणि तो ढीग तापतो. आत हात घालवत नाही इतका. माझ्या गुळाच्या पाण्याइतकाच. पण तिथे ती धग बाहेरून आलेली नसते, आतल्या जिवांनीच खाता खाता ती निर्माण केलेली असते. काही त्यात मरतात आणि ज्यांना ती मानवते ते पुढचं काम उचलतात. ढीग निवला की पहिल्यासारखे पुन्हा वस्तीला येतात. त्यांना वेळ मिळतो. मी माझ्या जिवाणूंना तो दिला नाही.

गेल्या महिन्यात मी बरंच वाचलं. पुतणीने पाठवलेलं, आणि मग त्यावरून माझं मी शोधलेलं. योहाना ड्योबेराइनर या ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या बाईंनी १९७० च्या दशकात गवतांच्या मुळांतला एक वळणदार जिवाणू लोकांच्या नजरेस आणला. त्याचं अ‍ॅझोस्पिरिलम हे नाव १९७८ सालचं. सगळ्यांना आशा होती की आता गहू-मक्यालाही नत्र फुकट मिळेल. पिकं सुधारली खरी, पण हिशोब जमेना. जितकी वाढ होत होती तितका नत्र काही तो जिवाणू देत नव्हता. मग १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या एका प्रयोगात दिसलं, की तो ऑक्झिन तयार करतो, शिवाय जिबरेलिन आणि सायटोकायनिन या झाडाच्या दुसऱ्या संप्रेरकांसारखी द्रव्यंही. त्याची कळ नत्रात कमी आणि या निरोपांत जास्त होती. तो प्रयोग कोणत्या पिकावर होता? बाजरीवर. हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि घरात एक फेरी मारून आले. आपल्या भाकरीच्या पिकाच्या मुळांनी हे गुपित सांगितलं, याचा मला उगाच अभिमान वाटला.

पण हे वरदान सरळसोट नाही. ऑक्झिन थोडं असलं तर मुळांना फाटे फुटतात, जास्त झालं तर तेच मूळ खुंटतं. पुतणीच्या त्या गुलालासारख्या नळीतल्या जिवाणूने गव्हाचं मूळ उलट आखूड केलं. ती दोन दिवस हिरमुसली होती. मग तिने त्याची संख्या कमी करून पाहिलं, तेव्हा कुठे तंतू फुटले. गव्हातला बथुआ मारायला आमच्याकडे जे टू-फोर-डी फवारतात, तेही माणसाने बनवलेलं ऑक्झिनच आहे. रुंद पानाचं तण त्या अतिरेकाने वेडंवाकडं होऊन मरतं. आणि ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू तर ऑक्झिन आणि सायटोकायनिन बनवायची कृतीच झाडाच्या पेशीत घुसवतो, मग त्या जागी गाठ वाढतच राहते. माझ्या जुन्या गुलाबाच्या बुंध्याशी अशी एक गाठ होती. मी तिला वयाची खूण समजत होते. देणं आणि लुबाडणं या दोन्ही गोष्टी मातीत एकाच भाषेत चालतात, हे वाचून मी जरा घाबरलेच.

त्यातल्या त्यात मला जवळचे वाटले ते न देणारे. म्हणजे काढून घेणारे. काळ्या रानात पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं, हे माळव्यात कुणाला सांगायला नको. मुळं गुदमरली की झाडात इथिलीन वाढतं. आंब्याच्या आढीत फळ पिकवतो तोच वायू. झाडाला तो सांगतो, की आता आवर, पानं गाळ, थांब. काही जिवाणू त्या इथिलीनचा कच्चा मालच मुळातून शोषून खाऊन टाकतात, त्यातला नत्र स्वतःला घेतात. झाडाची घबराट कमी होते आणि ते वाढत राहतं. भिजलेल्या रानात, अंधारात, एका घाबरलेल्या रोपाजवळ असं कुणीतरी बसलेलं असतं. हे कळल्यापासून पावसात पाणी साचलेलं शेत बघताना माझा जीव पहिल्याइतका घाबरा होत नाही.

आणि मग तो आकडा. याकोव ओकोन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ साली अ‍ॅझोस्पिरिलमच्या वीस वर्षांतल्या, जगभरच्या शेतांतल्या प्रयोगांचा आढावा घेतला. साधारण ६० ते ७० टक्के प्रयोगांत फायदा दिसला, उत्पन्न ५ ते ३० टक्के वाढलं. उरलेल्यांत फारसं काही हाती लागलं नाही. मी त्या उरलेल्यांपाशीच अडकले. माती वेगळी असेल, पाऊस वेगळा असेल, आधीचे रहिवासी नव्यांना टिकू देत नसतील. सगळी कारणं खरी आहेत. पण त्यात एखादं असं शेत असेल का, जिथे कुणी पाकीट उन्हात ठेवलं, कुणी बुरशीनाशकाच्या टबातच कल्चर कालवलं, कुणी उकळत्या पाण्यात बोट घालून "हो, झालंय" म्हटलं? तसं असेल तर तक्त्यात तिथे फक्त एक आकडा येतो, आणि त्या आकड्याशेजारी काही लिहायला जागा नसते.

आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. जमिनीतला आमचा तुकडा आता धाकटा चुलतभाऊ करतो, त्याला सगळे दादाच म्हणतात. कार्तिकात गव्हाच्या पेरणीला पुतणीने हट्ट धरला, की आपण कल्चर लावून बघू या, नीट, तीन पट्टे आखून. दादा तयार झाला. शहरातली मुलगी शेतावर येते याचंच त्याला अप्रूप. मी बरोबर गेले. ती बांधावर वही उघडून समजावत होती. एका पट्ट्याला नुसतं बियाणं, एकाला कल्चर, आणि एकाला मेलेलं कल्चर.

"मेलेलं?" दादा म्हणाला.

"हो. उकळून मारायचं आणि मग लावायचं. म्हणजे कळतं, की जो फरक पडला तो जिवंत जिवाणूंमुळे, की नुसत्या गुळा-भुकटीमुळे. सगळे तसंच करतात."

मी विहिरीच्या कठड्याला टेकले होते. पाय थोडे सैल झाल्यासारखे वाटले. मग मी सांगितलं. ओसरीवर लोळलेली सकाळ, बोटाला बसलेला चटका, "हो आप्पा", नखातली गुलाबी रेघ, विहिरीकडचा तुकडा, सगळं. दादा गप्प होता. तो त्या वर्षी दहा-बारा वर्षांचा असेल, तिफणीमागे धावत होता. पुतणीने वही मिटली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे आत्या, तुम्ही दोन पट्टे पेरलेत. तिसरा राहिला."

दादाने एवढंच विचारलं, "आप्पांना सांगितलं असतंस तर काय म्हणाले असते?"

"चहा टाक म्हणाले असते," मी म्हणाले, आणि माझा आवाज फुटला.

वहिनीने दोन पातेली आणून दिली. गूळ उकळला, रानभर तो वास पसरला, माश्या आल्या. एका पातेल्यात पुतणीने स्वतः भुकटी ओतून ते परत चुलीवर ठेवलं. ते माझ्या हातून नको, असं मी तिला आधीच सांगितलं होतं. दुसरं पातेलं मी उचलून कडुनिंबाच्या सावलीत नेलं आणि त्याच्याजवळ बसले. वारा नव्हता. पाण्यावर कडुनिंबाचं एक वाळलेलं पान पडलं, ते काढलं. तळाशी गुळातली थोडी माती बसली होती. दादाचा ट्रॅक्टर रानाच्या पलीकडच्या टोकाला घुरघुरत उभा होता. भाड्याने घेतलेलं पेरणी यंत्र संध्याकाळपर्यंत परत द्यायचं होतं.

"झालं का गं गार?" त्याने तिकडून हाक दिली.

मी बोट घातलं. चटका नव्हता, पण ऊब होती.

"अजून नाही," मी ओरडून सांगितलं, आणि पदराने वारा घालत बसले.